सिग्नेच्या तळावरची नावं

आबेलोने रीस चर्चमध्ये बसली की मान वर करायची. पुढे पास्टरसाहेब बोलत असायचे, शेजारणी गाण्याच्या पुस्तकाची पानं उलटत असायच्या, आणि ही छताकडे बघत असायची. छताला चार जहाजं टांगलेली होती. डेन्मार्कमधल्या त्या बेटावरच्या खलाशांनी आणि जहाजमालकांनी पिढ्यान्पिढ्या देवाला वाहिलेली, दोन-दोन हात लांबीची, बारीक दोऱ्यांची, सगळी तोंड वेदीकडे करून. खाली बाकावर बसलेल्या माणसाला त्यांचं काय दिसणार? शिडाची एखादी कड, दोरीची एखादी रेघ, आणि बाकी सगळं पोट.

"विलाड्सलाही बोटीचं एवढंच दिसायचं," ती एकदा लाउगेला म्हणाली. "तेवीस वर्षं बोटीवर होता, पण समुद्र त्याने माझ्याहून कमी पाहिला."

लाउगे चर्चची घंटा वाजवायचा, शेगडी पेटवायचा आणि कबरी खणायचा. तो म्हणाला, "मीही चर्चमध्ये रोज असतो, आबेलोने. देव कुठे बघितलाय?"

तिचा नवरा विलाड्स रीस आगवाला होता. आगबोटीच्या तळाशी, बॉयलरसमोर उभं राहून फावड्याने कोळसा घालायचा. घरी आला की पहिले दोन दिवस मोठ्याने बोलायचा, कारण खाली यंत्रांच्या आवाजात हळू बोलायची सवयच राहत नसे. मग आवाज खाली यायचा, आणि तो खाली आला की जायची वेळ झालेली असायची. आबेलोनेचा बाप शिडं शिवायचा. लग्नाआधीपासून तीही बंदरावरच्या माळ्यावर बसून शिडं शिवायची, आणि विलाड्स गेल्यावरही शिवत राहिली. तिचा उजवा तळवा घोड्याच्या खुरासारखा झाला होता. हस्तांदोलन करताना नव्या माणसाने दचकावं, आणि ते बघून तिने गालात हसावं.

विलाड्सची बोट सिग्ने. ती काही देखणी नव्हती. १९०७ साली बांधलेली, नऊशे टनांची, उंच बारीक धुराड्याची. गावातल्या जहाजमालकाने ती दोन मालकांनंतर जुनी विकत घेतली आणि तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. बोट बघितल्यावर बायको महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही, असं लोक सांगत. जाताना लाकूड, येताना कोळसा, अशी ती वर्षानुवर्षं बाल्टिकमध्ये फेऱ्या मारायची. धक्क्याला लागली की बायका दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या.

१९४० च्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी सकाळी, जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरलं. त्या सकाळी जी डॅनिश जहाजं परदेशी बंदरांत होती ती इंग्रजांकडे गेली. जी घरी होती ती घरीच अडकली. कोणी काही ठरवलं नव्हतं. सिग्ने बॉयलर खरवडायला धक्क्याला लागली होती, एवढंच. आणि आबेलोनेचा शाळासोबती मोगेन्स आंकेर आपली बोट घेऊन स्कॉटलंडच्या एका बंदरात होता, एवढंच. मोगेन्स पाच वर्षं ताफ्यांबरोबर अटलांटिक ओलांडत राहिला. त्याचा धाकटा भाऊ तिकडेच पाणबुडीच्या माऱ्यात बुडाला. सिग्ने मात्र पूर्वीसारखीच जायची आणि कोळसा घेऊन यायची. फरक इतकाच की आता ती बंदरं शत्रूच्या हातात होती, आणि वाटेत पाणसुरुंग पेरलेले होते.

१९४२ चा हिवाळा असा होता की बेटाभोवतीचा समुद्र गोठला आणि माणसं मुख्य भूमीवर चालत गेली. बर्फ फुटल्यावरच्या पहिल्याच खेपेला, एकवीस एप्रिलला, परत येताना सिग्ने सुरुंगावर गेली. सुरुंग इंग्रजी विमानाने टाकलेला होता. अकरा माणसं होती. एकही परत आला नाही. नऊ दिवसांनी दक्षिणेकडच्या वाळूत मालखणाच्या, म्हणजे बोटीतल्या माल भरायच्या खणाच्या, झाकणाच्या तीन जाड फळ्या लागल्या. एकीवर बोटीचं नाव डागलेलं होतं. आबेलोनेने त्या हातगाडीवर घालून घरी आणल्या. वाहून आलेला माल जमा का केला नाही, असं पोलिसाने विचारलं तेव्हा म्हणाली, "हा माझा नवरा आहे. नेऊन दाखव." पोलिसाने वहीत काही लिहिलं नाही.

युद्ध संपलं. १९४७ साली चर्चच्या आवारात एक दगड उभा राहिला. स्वातंत्र्यासाठी समुद्रावर प्राण दिलेल्या गावच्या सोळा खलाशांची नावं त्यावर कोरलेली होती. सिग्नेच्या अकरांपैकी एकही नव्हतं.

आबेलोने दुसऱ्याच दिवशी चर्चच्या समितीपुढे उभी राहिली. हातात अकरा नावांचा कागद. समितीचा प्रमुख आता कॅप्टन मोगेन्स आंकेर होता. उंच माणूस, डाव्या कानाने कमी ऐकणारा, बोलताना टेबलावर तळहात सपाट ठेवणारा.

"आबेलोने, तुझ्या दुःखाबद्दल कोणी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण दगड शत्रूविरुद्ध लढलेल्यांचा आहे."

"आणि विलाड्स काय शत्रूसाठी बुडाला?"

"शत्रूच्या बंदरातला कोळसा आणत होता."

"आणत होता. आणि तो कुठे जळत होता, मोगेन्स? शाळेत. दवाखान्यात. या चर्चच्या शेगडीत. तुझी आई सिदसे शेगडीजवळच्या बाकावर बसायची, पाय पुढे करून. तू तिकडे असताना पाच हिवाळे ती कशावर जगली असं वाटतं तुला? स्तोत्रांवर?"

पास्टर वीद यांनी घसा खाकरला. तरुण माणूस, कोणाचंच मन मोडू नये असं वाटणारा, आणि म्हणून दोघांचंही मोडणारा.

मोगेन्सचा तळहात टेबलावरून हलला नाही. "माझ्या भावाच्या नावाशेजारी ती नावं येणार नाहीत," तो म्हणाला. "मी असेपर्यंत नाही."

"ठीक आहे," आबेलोने म्हणाली. "तू किती वर्षं असणार आहेस ते बघू. माझी तब्येत चांगली आहे."

बाकीच्या दहा घरांनी मूग गिळले. बोटीच्या खानसाम्याची बायको तर वाटेत भेटून म्हणाली, "सोड गं. लोक आधीच म्हणतात की आपली माणसं जर्मनांची चाकरी करत होती. कशाला उकरून काढतेस?" आबेलोने तिला म्हणाली, "मी उकरत नाही. पुरलंच नाहीये त्यांना." आणि दुकानात जाऊन एक करवत, दोन छिन्न्या आणि सरसाचा डबा घेऊन आली.

नावं दगडावर येत नसतील तर चर्चमध्ये येतील, असं तिने ठरवलं होतं. चर्चला जहाज वाहायला कोणाला बंदी नव्हती. तिने तीन फळ्या एकावर एक चिकटवल्या आणि त्यातून सिग्नेचं पोट कोरायला घेतलं. सहा हिवाळे लागले. दिवसा माळ्यावर शिडं, संध्याकाळी राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेला हेरिंग मासा खाऊन पुन्हा माळ्यावर, बोट. धुराडं तिने कॉफीच्या डब्याच्या पत्र्याचं केलं. नांगराची साखळी विलाड्सच्या घड्याळाची होती. ज्या ठिकाणी बॉयलर होता तिथे आत एक कोळशाचा खडा ठेवून तिने वरून झाकण बसवलं. तो कोणाला दिसणार नव्हता, पण खालच्या गोष्टी दिसत नाहीत म्हणून नसतात असं थोडंच आहे.

शेवटी उरली नावं. ती कुठे लिहायची हे तिचं कधीच ठरलेलं होतं, इतकी वर्षं मान वर करून बसल्यावर. तळावर. बोटीच्या लाल पोटावर, पांढऱ्या अक्षरांत.

पण त्यासाठी बोट उलटी करावी लागली असती, आणि ते बेटावर कोणी करत नाही. होडी रंगवायची तर कुशीवर कलती करतात. मुलाच्या खेळण्यातली बोटसुद्धा पालथी दिसली तर आई धावत जाऊन सरळ करते. ज्या घरातलं माणूस समुद्रावर आहे त्या घरात पाव पालथा ठेवत नाहीत, ताटली पालथी ठेवत नाहीत. आबेलोनेचं माणूस आता समुद्राच्या खाली होतं, तरी तिचा हात धजेना. म्हणून तिने बोट माळ्याच्या तुळईला टांगली आणि खाली जमिनीवर पाठ टेकून झोपली. डोक्याखाली शिडाची घडी, एका हातात ब्रश, दुसऱ्याने मनगट धरलेलं. रंग ठिबकून कपाळावर पडायचा. सत्तावन्न वर्षांची बाई, दोन आठवडे, संध्याकाळी उजेड असेपर्यंत.

क्रम तिने स्वतःचा लावला. बोटीत जो सर्वात खाली काम करायचा तो पहिला. आधी आगवाले, मग कोळसा ओढणारे, मग इंजिनवाले, मग डेकवरचे खलाशी आणि खानसामा. कॅप्टन शेवटी. अक्षरं मोठी ठेवली. जमिनीवर पडून ती वाचून बघायची, मग उठून दाराशी जाऊन वाचायची, आणि एखाद्या अक्षराचं पोट बारीक झालं तर पुन्हा झोपायची.

समितीने बोट तपासायचा दिवस आला. लाउगेने आणि तिने ती लाकडी घोडीवर ठेवून चर्चच्या बैठकीच्या खोलीत आणली. घोडीच्या कडा उंच होत्या. पाण्याच्या रेषेखालचं काही दिसत नव्हतं. आबेलोने भिंतीशी उभी राहिली. तिला एकच भीती होती, की कोणीतरी वाकून खाली बघेल.

मोगेन्स आंकेर बोटीभोवती तीनदा फिरला. त्याने चष्मा लावला. डोलकाठी बोटाने टिचकावली. दोर कुठे बांधलेत, जीवनौका कशा अडकवल्यात, शिडी किती पायऱ्यांची, सगळं बघितलं. तो निर्दय माणूस नव्हता, आणि चांगलं काम त्याला कळत होतं.

"धुराडं जरा उंच झालंय," तो म्हणाला.

"उंचच होतं. तू विसरलास."

"नाही विसरलो. मी हिच्यावर एक वर्ष काढलंय, सतराव्या वर्षी." त्याने पुन्हा वर बघितलं. "धुराडं बरोबर आहे."

मग त्याने बोट दाखवलं. पोटाच्या दोन्ही बाजूंना, पाण्याच्या रेषेच्या वर, पांढऱ्या मोठ्या अक्षरांत देशाचं नाव लिहिलेलं होतं, युद्धात लिहायचे तसं. "हे पुसावं लागेल. जहाज शांततेच्या काळातलं असू दे. आणि पितळी पट्टीवर फक्त 'सिग्ने, १९०७'. बुडाल्याची तारीख नाही. माणसांची नावं नाहीत."

"बरं," आबेलोने म्हणाली.

पास्टर वीद यांनी चमकून तिच्याकडे बघितलं. सहा वर्षांत या बाईच्या तोंडून 'बरं' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता.

मोगेन्सनेही ऐकला. त्याने दोन्ही हात बोटीच्या कडांना लावले. जरा उचलली. बोट घोडीवरून दोन बोटं वर आली. आबेलोनेने भिंतीवरचं घड्याळ बघितलं, दुसरं काही बघायला सुचलं नाही म्हणून.

"जड आहे," तो म्हणाला.

"मालखणाच्या फळ्या आहेत," ती म्हणाली. "खऱ्या."

त्याने बोट हळूच खाली ठेवली. एखाद्या शेतकऱ्याने ती कलती करून बुडाखाली बघितलं असतं, सुताराने तर नक्कीच. मोगेन्स आंकेर चाळीस वर्षं समुद्रावर होता. जहाज पालथं करून बघावं हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

जाताना आबेलोने लाउगेला म्हणाली, "दोर हातभर लांब ठेव. बाकीच्यांपेक्षा खाली लटकू दे."

"का गं? डोळे गेले?"

"माझे नाही."

लाउगेने तिच्याकडे बघितलं, मग घोडीकडे बघितलं, आणि दोर मोजायला गेला.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी चर्च भरलं होतं. जहाज चढवायची रीत सगळ्यांना पाठ होती. ज्याने वाहिलं त्याने दोर ओढायचा. जहाज जागेवर पोचलं की घंटावाल्याने गाठ मारायची आणि तीन वेळा घंटा द्यायची. घंटा झाली की जहाज प्रवासाला निघालं. त्यानंतर धूळ झाडण्याखेरीज ते उतरवायचं नाही. उतरवणं म्हणजे पुन्हा बुडवणं, असं बेटावर मानतात, आणि ते कोणत्याही समितीच्या हातात नसतं.

पास्टर वीद यांनी प्रार्थना म्हटली. आबेलोनेने दोर हातात घेतला. तिच्या तळव्याला दोर काही नवा नव्हता.

बोट घोडीवरून उठली. गुडघ्याएवढी वर, कंबरेएवढी वर. पुढच्या बाकावरचं एक लहान मूल सर्वात आधी खाली वाकलं आणि मोठ्याने म्हणालं, "आई, खाली लिहिलंय."

बोट छातीएवढी वर आली. मोगेन्स पहिल्या बाकावर बसला होता. तो उभा राहिला.

"थांब, आबेलोने."

ती ओढत राहिली.

"थांब म्हणतोय."

"तुझा डावा कान माझ्याकडे आहे, मोगेन्स," ती दोरावर पुढचा हात टाकत म्हणाली. "माझाही कान तसाच समज."

बोट डोक्यांच्या वर गेली, आणि मग खाली बसलेल्या सगळ्यांना ते दिसलं. लाल पोटावर पांढरी अक्षरं, दोन रांगा, अकरा नावं. मागच्या बाकांवर कोणीतरी कुजबुजत वाचायला लागलं. विलाड्स रीस, आगवाला. ऊवे थेस्ट्रुप, आगवाला. बेर्टेल गाडे, कोळसा ओढणारा. खानसाम्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला, आणि मग काढला, आणि आपल्या नवऱ्याचं नाव स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. इतर घरांचे आवाज आले. एका बाकावरून एक, दुसऱ्यावरून दुसरं.

दोर संपला. बोट बाकीच्या चौघींपेक्षा हातभर खाली, वेदीकडे तोंड करून, हलत होती. लाउगेने गाठ मारली आणि घंटेचा दोर धरला.

"लाउगे," मोगेन्स म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "घंटा वाजवू नकोस. ती खाली येणार आहे."

सगळे लाउगेकडे बघायला लागले. लाउगे सत्तरीचा होता, आणि समितीने दिलेल्या खोलीत राहत होता. त्याने डोकं खाजवलं.

"कॅप्टनसाहेब," तो म्हणाला, "तुमच्या आईसाठी रविवारी सकाळी शेगडी मी पेटवायचो. पाच वाजता उठून. सिग्नेचा कोळसा, मोठाली ढेकळं, फोडायला जीव जायचा. म्हातारी म्हणायची, लाउगे, आज ऊब बरी आहे. मी तिला कधी विचारलं नाही की कोळसा कुठल्या बंदरातला चालेल." त्याने दोर मनगटाला गुंडाळला. "गाठ सोडायची तर तुम्ही सोडा. शिडी मागे आहे."

आणि त्याने घंटा वाजवली. तीन वेळा.

मोगेन्स आंकेर उभाच होता. त्याचं नव्हे, त्याच्या बुडालेल्या भावाचं वय त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, असं पुढे बायका सांगत. शिडीकडे तो गेला नाही. टोपी घेतली आणि मधल्या वाटेने बाहेर जाऊ लागला. आबेलोनेपाशी आल्यावर थांबला.

"तू मला फसवलंस."

"नाही. मी घोडीवर आणून तुझ्यासमोर ठेवली होती," ती म्हणाली. "तू बघितलं नाहीस. सहा वर्षं तू खाली बघितलंच नाहीस."

तो पाच रविवार चर्चला आला नाही. सहाव्या रविवारी आला आणि आपल्या नेहमीच्या जागी, पहिल्या बाकावर बसला. ती जागा बरोबर सिग्नेच्या खाली येत होती. तिथून वर बघायचं तर मान पूर्ण मागे टाकावी लागली असती. ती त्याने कधी टाकली नाही, निदान कोणी बघत असताना तरी. समितीच्या बैठकीत त्या बोटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दगडाचा मात्र निघत राहिला. दरवर्षी एकवीस एप्रिलला आबेलोनेचा अर्ज समितीकडे यायचा, त्याच अकरा नावांचा, त्याच क्रमाने, व्यवस्थित समास सोडून लिहिलेला. दरवर्षी 'विचार करता येत नाही' असं उत्तर जायचं. ती उत्तरं तिने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचून ठेवली होती. शेगडी पेटवायला कागद लागला तरी त्यांना हात लावायची नाही. "त्याची सही आहे त्यावर," म्हणायची. "ज्या दिवशी तो 'हो' लिहील त्या दिवशी सगळी एकदम जाळीन. छान ऊब येईल."

मेणबत्त्यांच्या काजळीने बारा वर्षांत सिग्नेचं पोट काळवंडलं. १९६५ च्या वसंतात धूळ झाडायला पाचही जहाजं उतरवली. एका दुपारी लाउगे, आता काठी टेकत, आबेलोनेच्या माळ्यावर आला. हातात लाल रंगाचा एक डबा आणि पांढऱ्याची एक बाटली होती.

"कॅप्टनने पाठवलंय," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणाला, नावं पुसट झालीत. त्या बाईला सांग."

आबेलोनेने सुई शिडात टोचून ठेवली. एकोणसत्तराव्या वर्षीही ती सरळ बसायची. तिने डबा हातात घेतला, झाकणावरचा शिक्का बघितला. रंग उत्तम होता, बोटींना लावायचा, महागातला. तिने तो परत लाउगेच्या हातात दिला.

"रंग माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "बोट तेवढी इकडे आणून टांग. आणि त्याला म्हणावं, दगडावर खाली अजून जागा आहे. मी मोजलीय. अकरा ओळी बसतात."

मग तिने एक जुनं शीड घडी करून जमिनीवर टाकलं, उशीएवढं उंच झालं का ते हाताने दाबून पाहिलं, आणि ब्रश शोधायला लागली.